पातळ इलेक्ट्रिक पंखा बसवला तरी जिप्सी घाटात गरम होते? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमानं येते. जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन उतरवून जुन्या बलेनोचं १६०० बसवलं. नव्या माऊंटवर इंजिन थोडं पुढे आलं, रेडिएटर आणि पुलीच्या मध्ये बेल्टवरच्या पंख्याला जागा उरली नाही, म्हणून तो काढला. ऑनलाइन बारा इंची पातळ पंखा मागवला, खोक्यावरचा आकडा दणदणीत होता. गावात गाडी ठीक. पण खंबाटकी चढायला लागली किंवा एखाद्या चौकात अर्धा तास अडकली, की काटा वर. मग जाड रेडिएटर टाकला, तरी काटा वर. पुढून आणखी एक पंखा लावला, तरी वर. शेवटी कुणाच्या तरी सल्ल्यानं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाकला. आता सकाळी इंजिन लवकर तापत नाही आणि घाटात रडगाणं तेच.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा सगळा खर्च असतो. पातळ पंखा ही जागेसाठी केलेली तडजोड आहे. मूळ पंख्यापेक्षा तो वरचढ आहे असं समजून बसवला की पुढची सगळी गणितं चुकतात. तडजोड म्हणून बसवला आणि त्याला जे लागतं ते दिलं, तर तो चोख काम करतो. लागतं काय? जाळीमागे नीट शराउड (सगळ्या जाळीची हवा पंख्याकडे नेणारं पत्र्याचं आवरण), पुरेसं व्होल्टेज, आणि योग्य वेळी चालू-बंद करणारा स्विच. या तीन गोष्टी न पाहता तिसरा पंखा घेऊ नका.

गाडी नेमकी कधी गरम होते?

गॅरेजमध्ये आल्या आल्या हेच विचारायला हवं, पण बऱ्याच ठिकाणी विचारत नाहीत. सिग्नलवर किंवा जॅममध्ये गरम होते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की पाच मिनिटांत काटा खाली येतो, तर दोष हवेचा. म्हणजे पंखा, शराउड, वायरिंग यांपैकी काहीतरी. उलट हायवेला ८०-९० वर गरम होते आणि गावात ठीक राहते, तर पंख्याला हात लावू नका. साठच्या पुढे समोरून येणारी हवाच पंख्यापेक्षा जास्त असते. तिथे संशय रेडिएटरवर (आतून साचलेला गाळ, बाहेरून चिखलानं बुजलेली जाळी), अर्धवट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटवर, ओढ बसल्यावर चपट्या होणाऱ्या खालच्या होज पाइपवर, किंवा टायमिंगवर. जाळीसमोर विंच, मोठी नंबरप्लेट, चार फॉगलॅम्प लावले असतील तर तेही आलेच.

घाट या दोन्हींच्या मधला. वेग २५-३०, इंजिनावर पूर्ण लोड, समोरून हवा बेताची, आणि वारं पाठीमागून असेल तर तीही नाही. पातळ पंख्याची खरी परीक्षा इथेच होते.

आणखी एक खूण. वरच्या आणि खालच्या होज पाइपचं तापमान मोजा. गाडी गरम असताना दोन्हींत दोन-तीन अंशांचाच फरक असेल, तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाही. फरक वीसच्या वर असेल, तर पाणीच सावकाश फिरतंय. त्यासाठी इन्फ्रारेड गन चालते, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती कमी तापमान दाखवते. मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा किंवा सरळ रबरी पाइपवरच मोजा.

काटा खरं बोलतोय ना, हेही याच वेळी पाहा. इंजिन एका गाडीचं, मीटर दुसऱ्या गाडीचं, आणि सेंडर (मीटरला तापमान कळवणारा सेन्सर) तिसराच कुणाचा, अशा जोडणीत काटा लाल पट्टीजवळ असताना प्रत्यक्षात पाणी ९० अंशांवर असू शकतं. उलटंही असतं, आणि ते जास्त धोक्याचं.

कूलंटची पातळी, आत अडकलेली हवा आणि रेडिएटरची कॅप ही तपासणी झाली असं धरतो. कॅपबद्दल एकच सांगतो. ०.९ बारची चांगली कॅप असेल तर साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कॅपचं रबर गेलं असेल तर शंभराला उकळतं. नवी कॅप पंख्याच्या किमतीच्या मानानं फुटकळ आहे. इंजिन चालू असताना, थंड गाडीत, रेडिएटरमधून एकसारखे बुडबुडे येत राहिले तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि हेड गास्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या.

खोक्यावरचा आकडा

पंख्यावर सीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. हा आकडा पंख्याच्या पुढेमागे काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. गाडीत पुढे ग्रिल, मग एसीचा कंडेन्सर, मग रेडिएटरची दाट जाळी, आणि मागे इंजिन. या सगळ्यातून हवा ओढायची तर पंख्याला दाब तयार करावा लागतो. पूर्ण जाडीचा पंखा ९०-१०० मिलिमीटरचा असतो. पातळ पंखा ५० ते ६५. पाती अरुंद, मोटर चपटी. मोकळ्यावर तो छान वारा देतो, जाळीमागे गेला की त्याचा दम निघतो.

किती हवा लागते, याचा ढोबळ हिशेब मांडू. माणसं आणि सामान धरून जिप्सी १३०० किलो. दहा टक्क्यांचा चढ, वेग ताशी ३०. नुसतं वर चढायलाच साडेदहा किलोवॅटच्या आसपास लागतात; टायर, गिअर, हवेचा विरोध धरला की पंधरा. पेट्रोल इंजिन जेवढं काम करतं, साधारण तेवढीच उष्णता पाण्यात सोडतं. म्हणजे रेडिएटरमधून पंधरा किलोवॅट बाहेर काढायचे आहेत. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना खरोखरची एक हजार सीएफएम हवा जाळीतून गेली आणि ३० अंशांनी तापून बाहेर पडली, तर ती पंधरा-सोळा किलोवॅट घेऊन जाते. काठावरचं गणित आहे. एसी चालू केला की हवा कंडेन्सरमध्येच तापून येते आणि हा काठही जातो. महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साडेतेराशे मीटरला, हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ, तेवढं आणखी वजा.

म्हणून खोक्यावर हजार लिहिलेला पंखा पुरत नाही. जाळीमागे हजार देणारा पंखा हवा.

तो ओळखायचा कसा? सीएफएम सोडा, अँपिअर बघा. हवा ढकलायला ताकद लागते आणि ती विजेतूनच येते. ८० वॉट लिहिलेला पंखा सात अँपिअरच्या आतच घेणार. त्याच्या खोक्यावर दीड-दोन हजार सीएफएम लिहिलं असेल तर तो आकडा वाचायचाही नाही. चांगला सोळा इंची पंखा वीस अँपिअर आणि त्याहून जास्त घेतो. विकणारा चालू अवस्थेतले अँपिअर सांगू शकत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा. स्पालसारख्या नावाजलेल्या कंपन्या दाब आणि हवेचा आलेख देतात. त्यात शून्य दाबाचा आकडा सोडून थोड्या दाबाला किती हवा उरते ते पाहायचं. मात्र या नावाच्या नकलाही फिरतात, तेव्हा वजन आणि तारेची जाडी हातात घेऊन बघा.

जाता जाता जाड रेडिएटरबद्दल. पन्नास-साठ मिलिमीटरचा कोअर (नळ्या आणि जाळीचा गाभा) हायवेला आणि स्पर्धेत उपयोगी पडतो, पण त्यातून हवा ओढणं पातळ पंख्याला जड जातं. जॅममध्ये गरम होणाऱ्या गाडीत तो टाकला की बऱ्याचदा दुखणं वाढतं. पातळ पंखाच बसणार असेल तर कोअर बेताचा जाड आणि चेहरा जितका मोठा मिळेल तितका घ्या.

शराउड नसेल तर अर्धा रेडिएटर रिकामा

रेडिएटरचा कोअर मोजा. समजा १६ बाय १५ इंच, म्हणजे २४० चौरस इंच. बारा इंची पंख्याचं वर्तुळ ११३. पंखा जाळीला थेट चिकटवला असेल तर हवा तेवढ्याच वर्तुळातून ओढली जाते आणि निम्म्याहून जास्त रेडिएटर नुसता लटकत असतो. शराउड केला की तोच पंखा सगळ्या जाळीतून ओढतो. माझ्या मते पातळ पंख्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि खर्च दुसऱ्या पंख्यापेक्षा कमी येतो. सव्वा ते दीड मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा, चारी बाजूंनी वळवलेला. जाळी आणि पात्यांमध्ये किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळं हवं, नाहीतर कोपऱ्यांतली हवा पंख्यापर्यंत पोहोचतच नाही. कडांना फोमची पट्टी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही बऱ्या पत्राकाम करणाऱ्याकडे पुठ्ठ्याचा नमुना कापून नेलात तर काम नीट होतं. मापं तोंडी सांगू नका.

रेडिएटरच्या बाजूंनाही पाहा. जिप्सीत रेडिएटर आणि बॉडी यांच्यात ज्या फटी असतात, त्यांतून इंजिनाकडची गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत बसतो. गाडी उभी असताना हे विशेष होतं. फोम किंवा रबराची पट्टी लावून फटी बुजवा.

जाळीतून प्लॅस्टिकची पट्टी ओवून पंखा बांधायची पद्धत आहे, तिच्याबद्दल स्पष्ट सांगतो: करू नका. असा एक रेडिएटर उतरवून उजेडात धरला की सगळं दिसतं. पट्टी जिथे ओवलेली असते तिथे फिन्स आडव्या पडलेल्या, नायलॉननं थरथरत थरथरत नळीच्या कडेला बारीक खाच पाडलेली, आणि खाचेभोवती वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा खर. गळती डोळ्यांना दिसत नाही, दर आठवड्याला पाणी मात्र थोडं थोडं कमी होतं. पंखा शराउडला बोल्टनं बसवा आणि शराउड रेडिएटरच्या कडेच्या पट्ट्यांना.

जागा मोजताना एक गोष्ट उपयोगी पडते. पंखा सगळीकडे सारखा जाड नसतो, जाड असतो तो मध्यभागी, मोटरपाशी. ती मोटर वॉटर पंपाच्या पुलीसमोर येऊ न देता पंखा डावीउजवीकडे सरकवला, तर पुष्कळदा पूर्ण जाडीचा पंखाही बसतो. किंवा दोन छोटे पंखे, आणि पुलीचं नाक त्यांच्या मध्ये. इंजिन माऊंटवर हलतं, म्हणून पुलीपासून २५ मिलिमीटर तरी अंतर ठेवा. एसीवाल्या गाड्यांचे मूळ पंखे शराउडसकट कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. माप जुळलं तर नव्या नकली पातळ पंख्यापेक्षा मी केव्हाही तेच घेईन.

दोन पंखे एकाच शराउडमध्ये असतील आणि त्यांतला एकच चालत असेल, तर बंद पंख्याच्या भोकातून हवा उलटी आत येते. चालू पंखा तीच ओढतो, जाळीतून फार कमी येते. मध्ये पत्र्याची भिंत घाला, नाहीतर दोन्ही एकदम चालवा.

पुढून ढकलणारा पंखा शेवटचा पर्याय. तो स्वतःच समोरच्या हवेला आडवा येतो. लावायचाच असेल तर त्याची पाती त्या कामासाठीची हवीत. मागून ओढणारा पंखा तारा उलट्या करून पुढे लावला की फिरतो उलटा, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहतो आणि हवा खूपच कमी पडते. काही पंख्यांत पाती काढून उलटी बसवता येतात, तेही कागदपत्रात वाचूनच. दिशा तपासायची सोपी रीत: इंजिन बंद, पंखा चालू, ग्रिलसमोर वहीचा कागद धरा. कागद जाळीला चिकटून राहिला पाहिजे. कागद चारी कोपऱ्यांत धरून बघा, शराउडचं कामही कळेल.

बारा व्होल्टचा पंखा आणि अकरा व्होल्टची तार

मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू, पंखा चालू, हेडलाइट चालू. आधी बॅटरीवर मोजा, मग पंख्याच्या कनेक्टरवर. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यावर १३.३ असेल तर वायरिंग ठीक. पंख्यावर ११.८ दिसले तर दोष सापडला.

दोन व्होल्टनी काय होतं, असं विचारतात. पंख्याचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो आणि तो तयार करत असलेला दाब वेगाच्या वर्गानं. १४ चे १२ झाले की वेग चौदा टक्के कमी, दाब सव्वीस टक्के कमी. पातळ पंख्याकडे दाबाचीच वानवा असते.

तारेचा हिशेब असा. एक चौरस मिलिमीटरच्या तारेतून २० अँपिअर तीन मीटर नेले तर एका बाजूनंच एक व्होल्टहून जास्त जातो. अडीचच्या तारेत जेमतेम ०.४, चारच्या तारेत ०.३ च्या आत. वीस अँपिअरला चारची तार घ्या, आणि अर्थची तारही तेवढीच. अर्थ रेडिएटरच्या पट्टीला देऊ नका, अॅल्युमिनियमचा रेडिएटर आतून सडतो. चासीवर रंग खरवडून द्या किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला.

रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच) हवाच. स्विचमधून थेट पंखा चालवलेल्या गाड्या आजही येतात. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीवरून, बॅटरीजवळच फ्यूज घालून. ८७ वरून पंखा. ८५ आणि ८६ कॉइलचे. दोन पंख्यांना दोन रिले, दोन फ्यूज. चालू होताना मोटर काही क्षण दुप्पट-तिप्पट ओढते, म्हणून फ्यूज चालू अँपिअरच्या साधारण दीडपट. रिलेचा बेस काढून तळ पाहा. ३० आणि ८७ च्या खाचांभोवती प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल किंवा पिन सैल हलत असेल, तर बेस बदला. रिले नवा घालून काही होणार नाही, कारण विरोध त्या सैल पिनेत आहे.

आता अल्टरनेटर. "दिवसा ठीक, रात्री जॅममध्ये गरम होते" या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं. आयडलवर अल्टरनेटर त्याच्या प्लेटवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो. प्लेटवर ५० असेल तर २५ धरा. हेडलाइट नऊ-दहा, पेट्रोल पंप आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक्स दहा-बारा, पंखे वीस. बेरीज चाळीस. तूट बॅटरी भरते, व्होल्टेज १२.३ वर येतं, पंखा मंदावतो, गाडी तापते. वर लाइटबार लावला असेल तर विचारूच नका. उपाय मोठा अल्टरनेटर किंवा लहान पुली. आणखी एक पंखा लावलात तर तूट वाढेल.

स्विच किती अंशांचा?

थर्मोस्टॅट ८२ चा असेल तर तो पूर्ण उघडायला दहा-बारा अंश पुढे जावं लागतं. पंखा ९३-९५ ला चालू आणि ८७-८८ ला बंद, हे चांगलं जुळतं. "गार राहावी म्हणून" ८० चा स्विच घातला तर पंखा सतत चालतो, मोटर लवकर जाते, बॅटरीवर ताण, आणि उपयोग काही नाही. पाण्याचं किमान तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. थर्मोस्टॅट काढला असेल तर परत बसवा.

स्विच कुठे बसवलाय यानं आकडा बदलतो. खालच्या टाकीत पाणी इंजिनापेक्षा सहा ते दहा अंशांनी थंड असतं, म्हणून तिथे ९५ चा स्विच लावला तर इंजिन १०१-१०५ वर गेल्यावर पंखा चालू होईल. तिथे ८५-८७ चा घ्या. होज पाइपच्या बाहेरून किंवा जाळीत खुपसून लावायचे सेन्सर मिळतात, ते कूलंटला स्पर्शच करत नाहीत. त्यांच्यावर भरवसा नको. बलेनोच्या ईसीएमवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) पंख्याच्या रिलेची तार मिळत असेल तर सगळ्यात उत्तम तीच, कारण ती इंजिनाच्या स्वतःच्या सेन्सरवर चालते. एसी असेल तर कॉम्प्रेसर चालू झाल्याबरोबर पंखा चालू होईल अशी वेगळी तार द्या, पाण्याच्या तापमानाची वाट पाहायला लावू नका.

डॅशबोर्डवर हाताचा स्विच द्यायला हरकत नाही, पण तो ऑटोला समांतर हवा. म्हणजे पंखा मुद्दाम चालू करता येईल, ऑटो मात्र अबाधित. सोबत छोटा दिवा लावा, रिलेच्या ८७ वरून. पंख्याला वीज पोहोचतेय की नाही ते घाट चढतानाच कळतं.

पाण्यातून गाडी घालणाऱ्यांना मात्र पूर्ण बंद करणारा स्विचही लागतो. बेल्टवरचा पंखा पाण्यात वाकून जाळीत घुसल्याची उदाहरणं जुन्या जिप्सीवाल्यांना माहीत आहेत. इलेक्ट्रिक पंख्याचा खरा फायदा तिथे आहे. ओढ्यात शिरण्याआधी बंद, बाहेर पडून पाणी निथळलं की चालू, आणि या बंद स्विचला लाल दिवा हवाच. कोकणात पावसाळा काढणाऱ्या गाडीला बंदिस्त मोटरचा पंखा घ्या, आयपी ६७ किंवा ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेला. उघड्या मोटरची बेअरिंग एक पावसाळा काढते, दुसऱ्यात कुरकुरायला लागते आणि अँपिअर वाढत जातात. जूनच्या आधी इंजिन बंद ठेवून पातं बोटानं फिरवा. ते सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. अडखळलं तर मोटर बदला आणि फ्यूजबॉक्समध्ये त्याच अँपिअरचे दोन फ्यूज जास्तीचे ठेवा.